प्रार्थनेला रब्बी लागत नाही, मग रब्बी कशाला?

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या आपल्या ज्यू समाजातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "आमच्या लहानशा बेने इस्राएल मंडळीत गेली कित्येक वर्षं हज्जानच सगळं पाहतात. आता कमिटीत दोन वर्षांसाठी इस्राएलहून रब्बी बोलवायचं घाटतं आहे. रब्बी नेमकं काय करतो? हज्जान असताना तो कशाला हवा? आणि आलाच तर मंडळीचा कारभार त्याच्या हाती किती द्यायचा?"

ताई, मी रब्बी नाही, हज्जान आहे, म्हणजे सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनाघरात) प्रार्थना चालवणारा. एकतीस वर्षं झाली. त्यातली पहिली सोळा कोकणातल्या एका छोट्या सिनेगॉगमध्ये गेली, मधली चार इस्राएलच्या दक्षिणेकडच्या एका गावी आणि पुढची अकरा मुंबईच्या आसपास. इस्राएलच्या त्या गावात आपल्याच लोकांची मंडळी होती आणि तिला रब्बी होते. रब्बी नसलेली मंडळीही मी चालवली आहे आणि रब्बींच्या हाताखालीही काम केलं आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट मनातून काढायला हवी. रब्बी म्हणजे आपला भटजी किंवा पाद्री, असं शेजारपाजारचे समजतात आणि ऐकून ऐकून आपणही तसंच समजायला लागतो. देवळात पूजेचा मान ज्याच्याकडे असायचा तो कोहेन, आणि कोहेन जन्माने होतो. यरुशलेमचं मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं, बलिदानं थांबली, आणि त्यानंतर ज्यूंचा धर्म टिकला तो शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांवर. तेच रब्बी. 'रब्बी' म्हणजे 'माझे गुरुजी', इतकाच त्या शब्दाचा अर्थ. तो पुरोहित नाही, देव आणि माणूस यांच्या मध्ये तो उभा नसतो. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमले की मिन्यान (सामूहिक प्रार्थनेपुरती मंडळी) होतं, कद्दीश (स्तुतीची प्रार्थना) म्हणता येतं, तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) बाहेर काढता येते. त्या दहांत रब्बी नसला तरी काही अडत नाही. उलट नऊ जाडे विद्वान रब्बी जमले आणि दहावा माणूस आला नाही, तर ते नऊही कद्दीश म्हणू शकत नाहीत. दहावा म्हणून कोपऱ्यावरचा रिक्षावाला आपल्यातला असला, तर त्या दिवशी मंडळी त्याच्यामुळे उभी राहते. (सुधारक पंथात स्त्रियांनाही मिन्यानमध्ये धरतात. मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये ज्युइश रिलिजस युनियन सुरू केली, तीच पुढे रोदेफ शालोम सिनेगॉग झाली. तुमची मंडळी जुन्या पद्धतीची आहे असं धरून मी लिहितो आहे.)

तेव्यावर, म्हणजे प्रार्थनेच्या चौथऱ्यावर, उभा राहून प्रार्थना चालवतो तो हज्जान. त्याला शालियाह सिबूर म्हणतात, म्हणजे मंडळीने पाठवलेला माणूस. हे काम ज्याला चाल, उच्चार आणि क्रम येतो असा कोणीही भला माणूस करू शकतो. लग्न लावायलाही शास्त्राप्रमाणे रब्बी लागत नाही. दोन योग्य साक्षीदार, केतुबा (लग्नाचा करारनामा), अंगठी आणि जाणता माणूस असला की झालं. कोकणात मी शंभराच्या वर लग्नं लावली, कुठे रब्बी नव्हते.

मग रब्बी कशाला? प्रार्थनेला तो लागत नाही, प्रश्नाला लागतो.

एक प्रसंग सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वीचा जुलै महिना. आमच्याकडे खाडीची दमट हवा, त्यात पावसाळा. गुरुवारी संध्याकाळी शनिवारचं वाचन घोकायला म्हणून मी हेखाल (तोरा ठेवायचं कपाट) उघडला, लाकडी पेटीतला सेफेर तोरा, म्हणजे कातड्यावर हाताने लिहिलेली तोरा, तेव्यावर ठेवला आणि ओळीवर ओळ पाहत गेलो. एका शब्दातल्या 'वाव' या हिब्रू अक्षराचा पाय मध्येच तडकलेला. शाई उडून केसाएवढी फट पडलेली. वाव म्हणजे वर डोकं आणि खाली सरळ दांडा. दांडा तुटून आखूड झाला की तेच अक्षर 'योद' दिसायला लागतं. एक अक्षर गेलं की तो सेफेर वाचायला चालत नाही. दुसरा सेफेर आमच्याकडे होता, पण तो आधीच दुरुस्तीला बांधून ठेवलेला. शनिवारी एका मुलाचं बार मित्झ्वा, म्हणजे तेराव्या वर्षी मोठ्यांत धरण्याचा विधी. पाहुणे येणार होते.

मी इस्राएलमधल्या माझ्या रब्बींना फोन लावला. तिथे दुपार होती. त्यांनी फोटो मागितला नाही. विचारलं, "तुमच्याकडे अक्षरं नुकती शिकलेला लहान मुलगा आहे का?" होता. सात वर्षांचा, मी त्याला रविवारी आलेफ-बेथ शिकवत होतो. "शब्द लावतो का?" म्हटलं, नाही, अक्षरंच ओळखतो. "मग त्यालाच बोलवा. फार हुशार नको, मठ्ठही नको. तुम्ही काही सुचवू नका. बोट दाखवा आणि हे काय आहे ते विचारा." हा काही त्यांच्या मनचा तोडगा नव्हता. तालमूद या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथाच्या काळापासून चालत आलेला कायदा आहे. मोठा माणूस शब्दाचा अर्थ जाणतो, म्हणून डोळ्याला तुटकं दिसलं तरी मन ते भरून काढतं. लहान मुलाला अर्थ कळत नाही, म्हणून तो दिसतं तेच सांगतो.

मुलाची आई त्याला रेनकोटसकट घेऊन आली. तो स्टुलावर चढला. मी चांदीच्या 'याद'चं (वाचताना ओळ दाखवायच्या काडीचं) टोक अक्षराखाली धरलं. तो वाकला, नाक जवळजवळ कातड्याला लागलं, आणि म्हणाला, "वाव." मी पुन्हा विचारलं नाही, कारण रब्बींनी दोनदा विचारायचं नाही असं बजावलं होतं.

रब्बींना कळवलं. ते म्हणाले, "वाचा. पाऊस संपला की सोफेरला (तोरा हाताने लिहिणाऱ्याला) दाखवून घ्या." आणि मग पंधरा मिनिटं थांबून त्यांनी मला तो सगळा नियम समजावला. कुठल्या तडीला मुलगा चालतो आणि कुठल्या तडीला नाही, एक अक्षर दुसऱ्याला चिकटलं तर काय करायचं. शेवटी म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्हालाच ठरवता आलं पाहिजे." ताई, रब्बी काय करतो याचं माझं उत्तर त्या पंधरा मिनिटांत आहे. 'चालेल' किंवा 'चालणार नाही' एवढं सांगून फोन ठेवणारे खूप भेटतील.

जाणता माणूस नसला की काय होतं तेही सांगायला हवं, आणि ती चूक माझीच आहे. कोकणात असताना एका घरी आई वारली. सुक्कोथच्या सणाला तीन दिवस राहिले होते. दफन झालं, घरचे शिवाला, म्हणजे सात दिवसांच्या सुतकाला, बसले, जमिनीवर, अंगावरचा वरचा कपडा फाडून. तीन दिवसांनी सण लागला. मी त्यांना सांगितलं की सणात उठा आणि सण संपला की राहिलेले चार दिवस बसा. मला ते न्यायाचंच वाटलं, सात म्हणजे सात. थोरल्या मुलाचं लहानसं किराणा दुकान होतं. ते त्याने आणखी चार दिवस बंद ठेवलं. गुडघे दुखत असूनही म्हातारे वडील खाली बसले. पुढे इस्राएलमध्ये एका वर्गात बसलो असताना रब्बी सहज बोलून गेले: शिवा सुरू झाला आणि मध्ये सण आला, तर सण शिवा संपवतो, उरलेले दिवस माफ. मी वहीतून मान वर काढू शकलो नाही. ज्या दुःखातून देवाने त्यांना उठवलं होतं, त्यात मी त्यांना परत बसवलं होतं. परत आल्यावर त्या घरी जाऊन सांगितलं. मुलगा म्हणाला, "काका, आईसाठीच बसलो ना, वाया काय गेलं?" त्याने मोठ्या मनाने सोडलं. पण चूक ती चूकच. आणि तेव्हा मला विचारायला कोणी नव्हतं असंही नाही, विचारावं हेच मला सुचलं नव्हतं. जवळ रब्बी असला की विचारायची सवय लागते.

ही माझ्या एकट्याची गोष्ट झाली. सगळ्या समाजाला याची किंमत मोजावी लागली ती १९६२ मध्ये. इस्राएलच्या मुख्य रब्बी परिषदेने त्या वर्षी निर्देश काढला की बेने इस्राएल माणसाचं लग्न दुसऱ्या ज्यू समाजात होत असेल तर आधी त्याची वंशावळ मागे जाईल तितकी तपासावी. शंका अशी, की कोकणात शतकानुशतकं रब्बी नव्हते, मग घटस्फोट शास्त्राप्रमाणे 'गेट' (घटस्फोटाचा धार्मिक कागद) देऊन झाले होते का, पुनर्विवाह बरोबर होते का? आपली माणसं पेटून उठली, आणि उठायलाच हवं होतं. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये बायकापोरांसह धरणं धरलं. ऑगस्टमध्ये क्नेसेटने (इस्राएलच्या संसदेने) ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि मग त्या निर्देशातून आपल्या समाजाचं नाव निघालं. आमच्या घरात आजही तो विषय निघाला की आवाज चढतात. तो अपमान होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यातून एक शिकायचं ते शिकायलाच हवं: लग्न आणि घटस्फोट या दोन ठिकाणी आपण ढिलेपणा केला तर त्याची झळ आपल्याला लागत नाही, नातवंडांना लागते.

म्हणून मी केतुबा भरतो, पण गेटला हात लावत नाही. गेट म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. सोफेर त्या एका जोडप्यासाठी, त्या दिवशी, हाताने बारा ओळी लिहितो. त्यात गाव कुठल्या पाण्याकाठी आहे तेही लिहायचं असतं, नावांचं स्पेलिंग एका अक्षराने चुकलं तर कागद बाद. दोन साक्षीदार, आणि तो कागद नवऱ्याने बायकोच्या हातात द्यायचा. या कामाला बेथ दीन लागतं, तीन जाणत्यांचं न्यायमंडळ. भारतात असं कायम बसणारं बेथ दीन नाही, आणि हिंदू, पारशी, ख्रिस्ती यांच्यासारखा ज्यूंच्या विवाह-घटस्फोटाचा वेगळा कायदाही इथे झालेला नाही. फॅमिली कोर्टाचा कागद घेऊन एखादी मुलगी परदेशी जाते, तिथे पुन्हा लग्न ठरतं, आणि तिथले रब्बी विचारतात, "गेट कुठे आहे?" तोवर पहिला नवरा बोलायलाही तयार नसतो. अशा दोन मुली मला ठाऊक आहेत. तुमच्याकडे येणाऱ्या रब्बींनी दोन वर्षांत बाकी काहीही केलं नाही आणि अशी अडकलेली एक बाई मोकळी केली, तरी त्यांचा पगार वसूल झाला असं मी समजेन. धर्मांतर करून ज्यू व्हायचं असेल तर तेही बेथ दीनचंच काम. हज्जानने किंवा कमिटीने त्यात पडूच नये.

आता कोणी म्हणेल, इतकी शतकं रब्बीविना काढलीच ना? काढली. कशी काढली तेही पाहू, कारण येणाऱ्या रब्बींना ते सांगावं लागेल. कोकणात नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली अशी आपली कथा. पुस्तकं समुद्रात गेली, 'शेमा' (देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना) तेवढा तोंडात राहिला. सुंता असो, लग्न असो, मयत असो, शेमाच म्हणायचे. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. सणांची नावंही घरचीच पडली: पेसाहला (मिसरमधून सुटकेच्या सणाला) अनाशी ढाकाचा सण, योम किप्पूरला (प्रायश्चित्ताच्या उपासाला) दारफाळणीचा सण, तिशा बआवला (मंदिर पडल्याच्या शोकदिनाला) बिरड्याचा सण. मग दाविद राहाबी हे बाहेरचे ज्यू शिक्षक आले, खवल्यांची आणि धर्माने वर्ज्य अशी बिनखवल्यांची मासळी समोर ठेवून बायकांची परीक्षा घेतली, आणि तीन घराण्यांतले तिघे शिकवून तयार केले: झिराडकर, राजपूरकर, शापूरकर. तेच काजी. काजी गावोगाव फिरून लग्नं लावायचे, तंटे सोडवायचे. गावात मुकादम आणि चौगुले, पैशांना गबाय, दिव्याबत्तीला समाश, आणि पुढे सिनेगॉगं झाली तेव्हा हज्जान. मुंबईत पहिलं सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलं, शार हारहामीम, लोकांच्या तोंडी 'जुनी मशीद'. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शेलोमो सालेम शुर्राबींसारखे शिक्षक आले आणि उच्चार, चाली, वाचन शिकवलं. १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू-मराठी हग्गादा (पेसाहच्या रात्री वाचायची पोथी) छापली गेली. जोसेफ एजिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली.

थोडक्यात रब्बीचं एकेक काम आपण एकेका माणसाला वाटून दिलं होतं. शिकवणं कोचीनकरांनी केलं, तंटे काजी-मुकादमांनी पाहिले, समजावून सांगणं छापील मराठीने केलं. ती वाटणी होती म्हणून मंडळी टिकली. आज काजी उरले नाहीत आणि मुलं मराठी प्रार्थनापुस्तक वाचायला अडखळतात. १९५० च्या आसपास जवळजवळ वीस हजार होतो. २०११ च्या जनगणनेत देशभरचे सगळे ज्यू धरून साडेचार हजारांच्या आसपास, निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. एकट्या हज्जानाच्या अंगावर ती सगळी कामं येऊन पडली आहेत. तुमच्या हज्जानांचं वय काय आहे मला ठाऊक नाही, पण ते थकले असणार.

आता रोजचं नेतृत्व कसं दिसतं ते लिहितो. इस्राएलच्या त्या गावातले रब्बी पुढच्या मानाच्या खुर्चीत क्वचित बसायचे. ते दाराजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायचे, उशिरा येणाऱ्यांच्या शेजारी. कोणी आलं की सरकायचे, चालू असलेलं पान बोटाने दाखवायचे. प्रवचन दहा मिनिटांच्या वर कधी नाही. गुरुवारी सकाळी वही घेऊन बसायचे आणि मागच्या शनिवारी कोण आलं नव्हतं ते आठवून लिहायचे, मला विचारायचे, मग एकेकाला फोन. "का आला नाहीत?" असं विचारायचे नाहीत. "तब्येत कशी आहे?" असंच विचारायचे. त्या फोनांतून कळायचं: याची नोकरी गेली, तिच्या मुलीचं लग्न मोडलं, अमक्याला दवाखान्यात ठेवलंय. मग शुक्रवारी दुपारपर्यंत त्यातलं जमेल ते उरकायचे. पेसाहच्या आधी तांदूळ, मात्सा (बिनखमिराची भाकरी) आणि तेलाच्या पिशव्या कोणाच्या दारात ठेवायच्या ती यादी फक्त त्यांना आणि गबायांना माहीत. मी चार वर्षं तिथे होतो, एकही नाव माझ्या कानावर आलं नाही.

शाब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवशी, वाहनात बसायचं नसतं, तरी तिथे बरेच जण गाडीने यायचे. सिनेगॉगच्या मागच्या गल्लीत गाडी लावायची आणि पायी आल्यासारखं यायचं. रब्बींना सगळं ठाऊक होतं. नवा आलेला एक तरुण शिक्षक त्यावर तेव्यावरून बोलणार होता. रब्बींनी त्याला बाजूला घेतलं. काय बोलले ते मला कळलं नाही, पण तो बोलला नाही. आपल्याकडे तर शुक्रवारी संध्याकाळी लोकलने दोन स्टेशनं येऊन मिन्यान पुरं करणारे लोक आहेत. परदेशी रब्बींना हे पहिल्याच आठवड्यात दिसेल. आज्ञा ती आज्ञा आहे, रब्बींनी ती खोटी सांगावी असं मी म्हणणार नाही. पण सांगायची वेळ आणि जागा निवडता येते, आणि ते ज्याला येत नाही त्याने लहान मंडळी हाती घेऊ नये. मोठ्या शहरात दहा जण रागावून गेले तर दुसरे दहा येतात. आपल्याकडे दोघे रागावले की सोमवारी तोरा बाहेर निघत नाही.

घरच्या चालीरीतींचंही तसंच आहे. मलिदा पाहून बाहेरचा माणूस चमकतो. ताटात भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वेलची, वर फळं, आणि सगळे एलियाहू हन्नाबीचं (एलिया संदेष्ट्याचं) गाणं म्हणतात. एका पाहुण्या रब्बींनी "हे काय आहे?" असं जरा कडक आवाजात विचारलेलं मी पाहिलं आहे. माझ्या रब्बींनी पहिल्या मलिद्याला काहीच विचारलं नाही. बसले, जेवले. दुसऱ्या वेळी ताट पुढे ओढून त्यांनी मुलांना आशीर्वादांचा क्रम शिकवला. पोह्यांना कुठला, खजुराला कुठला, आणि केळ्याला 'झाडाचं फळ' म्हणायचं नाही, 'जमिनीचं फळ' म्हणायचं, कारण केळीला खोड नसतं, ती दरवर्षी खालून नवी येते. कोकणातली म्हातारी माणसं त्यावर खूश झाली. केळीचं रोप त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, तोरा त्या रोपापर्यंत पोचते हे त्यांना नवीन होतं. मलिदा तसाच राहिला आणि मुलं सहा आशीर्वाद शिकली.

म्हणून निवडताना विचारा: रब्बी सेफार्दी (स्पेन आणि पूर्वेकडच्या ज्यूंच्या) पद्धतीत शिकले आहेत का? आपली प्रार्थना कोचीन-बगदादच्या वाटेने आलेली, सेफार्दी. अश्केनाझी (युरोपीय परंपरेचे) रब्बी वाईट असतात असं नाही. पण त्यांच्या घरी पेसाहला तांदूळ चालत नाही, आणि त्यांनी नकळत का होईना पहिल्याच पेसाहला आपल्या लोकांचा भात बंद केला, तर आठ दिवस घरोघरी भांडणं होतील. भात सेफार्दी रीतीत चालतो, निवडून स्वच्छ केला की झालं. मांसात दूध वर्ज्य, म्हणून मटणाचा पांढरा रस्सा पाहून ते दचकले तर नारळाचं दूध आहे हे सांगा, एवढंच. स्थानिक रीत मोडायची नाही हा शास्त्राचाच नियम आहे, आणि चांगल्या रब्बींना तो तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतो.

सेमिखा, म्हणजे रब्बीपदाचा दाखला, कोणी दिली आणि कशाची दिली तेही विचारा. 'योरे योरे' म्हणजे काय चालतं, काय नाही याचा निर्णय द्यायचा अधिकार. 'यादिन यादिन' म्हणजे न्यायनिवाड्याचा. दुसरी नसली तरी चालेल, पहिली हवीच. ते स्वतः शोहेत किंवा मोहेल आहेत का, ते विचारा. नसले तर कोंबडीसाठी आणि सुंतेसाठी वेगळा माणूस पाहावा लागेल, तो खर्च आधीच धरा. आणि त्यांच्या पत्नींशीही बोला. लहान मंडळीत अर्धं काम स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी होतं. मुंबईत कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बी गाव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांनी २००३ पासून पाच वर्षं ज्या तऱ्हेने घर उघडं ठेवलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना रब्बीचं घर म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दोघेही त्याच घरात मारले गेले.

तुमचा शेवटचा प्रश्न, किती हाती द्यायचं. धर्माचा निर्णय पूर्ण त्यांच्या हाती द्या. कमिटीने त्यात बहुमत घ्यायचं नाही. 'ही कोंबडी चालेल का' यावर हात वर करून ठराव होत नाही. आणि पैसा, चाव्या, जमीन पूर्ण ट्रस्टींच्या हाती ठेवा. बँकेच्या खात्यावर रब्बींची सही नको, चॅरिटी कमिशनरकडच्या ट्रस्टींच्या यादीत त्यांचं नाव नको. हे त्यांच्या भल्यासाठीच सांगतो. पैशाचा वाद कधी ना कधी होतो, आणि त्या वादात जो नाही त्याच्याकडेच लोक समेटाला जातात. पगार ठरवून, लेखी, दर महिन्याच्या ठरल्या तारखेला द्या. जुने रब्बी धंदा करून पोट भरायचे, थोर ज्यू पंडित रांबाम वैद्यकी करायचे. आजचा माणूस दिवसभर तुमच्यासाठी बसणार असेल तर त्याच्या बुडालेल्या वेळेचे पैसे देणं आपलं काम आहे. लग्नाच्या, मयताच्या पाकिटांवर त्यांना जगवू नका. गरीब घरच्या मयताला जाताना पाकिटाचा विचार कोणाच्याही मनात येऊ नये.

आणि तुमच्या हज्जानांना तेव्यावरून उतरवू नका. हे मी स्वतः हज्जान आहे म्हणून म्हणत नाही. रब्बी दोन वर्षांनी जातील. त्या दोन वर्षांत शनिवारचं वाचन त्यांनीच केलं, कद्दीश त्यांनीच सांगितला, मयताला तेच उभे राहिले, तर ते गेल्यावर मंडळी आजच्यापेक्षा रिकामी होईल. करारातच लिहा की दर महिन्याला एक मुलगा किंवा एक प्रौढ माणूस त्यांनी तोरा वाचायला तयार करायचा, आणि ते स्वतः वाचतील तेव्हा तो शेजारी उभा असेल. मयताला आंघोळ घालायला चार पुरुष आणि चार बायका शिकवायच्या. आमच्याकडे आता बायकांत ते काम येणाऱ्या दोघीच उरल्या आहेत, दोघीही सत्तरीच्या पुढच्या. मला झोप येत नाही ती याच गोष्टीने.

ते आले की पहिल्या आठवड्यात त्यांना दफनभूमीत घेऊन जा. मराठी आणि हिब्रू दोन्हीत कोरलेले दगड दाखवा, आडनावांतून गावं वाचून दाखवा, पेणकर, नवगावकर, किहीमकर. मग घराघरात न्या, कॉफी होऊ द्या. भाषण नंतर.

राहायची खोली मात्र ते यायच्या आधी नीट पाहून ठेवा. शाब्बाथला ते वाहनात बसणार नाहीत, म्हणून सिनेगॉगपासून चालत दहा मिनिटांत हवी. बिल्डिंगला लिफ्ट असली तरी त्यांना तिचा उपयोग नाही, तेव्हा पहिला किंवा दुसरा मजला बघा. आणि दार इतकं रुंद हवं की शुक्रवारी रात्री टेबल बाहेरच्या पॅसेजपर्यंत ओढता येईल.